अठराव्या शतकातल्या इंग्रज वकील-खासदाराची कारकीर्द कागदपत्रांतून कशी उभी करावी

अठराव्या शतकातला इंग्रज बॅरिस्टर पार्लमेंटमध्ये गेला की त्याचे कागद दोन ठिकाणी विखुरतात. काही न्यायालयांच्या दप्तरात राहतात, काही संसदेच्या. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण एक दप्तर नीट वाचतात आणि दुसऱ्यातून दोन-चार तारखा उचलतात. मग सॉलिसिटर जनरलपद (सरकारच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कायदा अधिकाऱ्याचं पद) हुशारीने मिळालं आणि कॉमन्सची, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाची, जागा लोकप्रियतेने, असं लिहिलं जातं. खरं कारण दोन्ही दप्तरांतल्या तारखा शेजारी-शेजारी मांडल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून सुरुवातीलाच तीन रकाने आखा: मधे तारीख, डावीकडे वकिली, उजवीकडे संसद. जे सापडेल ते याच तक्त्यात भरायचं आणि प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या कागदावरून आली हे लिहायचं. आधी गोष्ट लिहून मग तारखा बसवल्या तर चुका हमखास होतात. सरावासाठी डेव्हनमधल्या ॲशबर्टनचा जॉन डनिंग (१७३१–१७८३) चांगला. दोन्ही रकान्यांत त्याच्या भरपूर नोंदी आहेत, आणि एका रकान्यातल्या नोंदींचा उलगडा दुसऱ्यातून होतो.

तारखा आधी सरळ करा

इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जुन्या नोंदीत 'फेब्रुवारी १७३०' असेल तर आपल्या हिशोबाने तो फेब्रुवारी १७३१ असतो, आणि तो 'जून १७३०' च्या नंतर येतो. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली प्रत्येक जुनी तारीख तक्त्यात १७३०/३१ अशी दुहेरी लिहा. १७५१ हे वर्ष २५ मार्चला सुरू होऊन ३१ डिसेंबरला संपलं. १७५२ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागलं, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. हे अकरा दिवस जुन्या तारखांमध्ये आपल्या हाताने मिळवू नका. दिवस नोंदीतला ठेवायचा, फक्त वर्ष स्पष्ट करायचं. स्कॉटलंडने १६०० मध्येच १ जानेवारीचं वर्ष स्वीकारलं होतं, म्हणून तिथल्या नोंदींना हा नियम लावू नका.

वकिलांच्या बाबतीत हा घोळ जास्त त्रास देतो, कारण हिलरी टर्म, म्हणजे न्यायालयांचं हिवाळी सत्र, २३ जानेवारी ते १२ फेब्रुवारी, म्हणजे पूर्णपणे या दुहेरी पट्ट्यातच पडते. लेंट असाइझेस, म्हणजे न्यायाधीशांच्या फिरत्या न्यायालयांची वसंतातली फेरी, हीही बहुधा याच पट्ट्यात येते. संसदेची अधिवेशनं साधारण नोव्हेंबरपासून वसंतापर्यंत चालत, त्यामुळे तिथलाही निम्मा धोका इथेच आहे.

खटल्यांचे अहवाल तर बऱ्याचदा सन देतच नाहीत, राजाचं राज्यवर्ष देतात. हिशोब सोपा आहे. ॲन राणीच्या वर्षासाठी १७०१ मध्ये आकडा मिळवा, वर्ष ८ मार्चला सुरू होतं. पहिल्या जॉर्जसाठी १७१३, सुरुवात १ ऑगस्ट. दुसऱ्या जॉर्जसाठी १७२६, सुरुवात ११ जून (१७५२ नंतर २२ जून). तिसऱ्या जॉर्जसाठी १७५९, सुरुवात २५ ऑक्टोबर. म्हणजे 'मायकेलमस, ६ जॉर्ज तिसरा' ही शरदातली टर्म नोव्हेंबर १७६५ ची. 'हिलरी, ४ जॉर्ज दुसरा' मात्र जानेवारी–फेब्रुवारी १७३१ ची, कारण ते राज्यवर्ष जून १७३० मध्ये सुरू होऊन पुढच्या सनात शिरतं. इथे बेरीज करून थांबणारे लोक एका वर्षाने चुकतात.

हा तोच माणूस का?

आडनावावरून माणूस ओळखणं ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी सवय. १७५३ च्या सुमारास कॉमन्समध्ये यॉर्क आडनावाचे चार सख्खे भाऊ एकाच वेळी बसत होते: फिलिप, चार्ल्स, जोसेफ आणि जॉन. बाप लॉर्ड हार्डविक लॉर्ड चॅन्सेलर, आणि त्याचंही नाव फिलिप यॉर्क. एखाद्या पत्रात नुसता 'मिस्टर यॉर्क' आला तर तो वकील चार्ल्स असेलच असं नाही. १७५४ मध्ये बाप अर्ल झाला आणि थोरला फिलिप लॉर्ड रॉयस्टन म्हणून ओळखला जाऊ लागला. तेव्हापासून गोंधळ एकाने कमी होतो, संपत नाही.

यासाठी प्रत्येक माणसाची नावं कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापरात होती याची छोटी पट्टी तक्त्याच्या वर लिहून ठेवा. 'मिस्टर मरे' नोव्हेंबर १७५६ पासून लॉर्ड मॅन्सफील्ड. 'मिस्टर प्रॅट' पुढे लॉर्ड कॅम्डेन. डनिंग एप्रिल १७८२ पासून लॉर्ड ॲशबर्टन. पदांच्या नावांचंही तसंच. अहवालातला 'मिस्टर अटर्नी' म्हणजे त्या तारखेला अटर्नी जनरल (सरकारचा पहिल्या क्रमांकाचा कायदा अधिकारी) असलेला माणूस, आणि तो दर दोन-चार वर्षांनी बदलतो.

नावापुढची उपाधीही उपयोगी पडते. बॅरिस्टर 'एस्क्वायर' म्हणवला जायचा, अटर्नी साधारणपणे 'जेंटलमन'. एकाच गावात बाप-लेक एकाच नावाचे असतील तर पहिली वाटणी यावरून करता येते. अटर्नी हा वेगळा धंदा होता. तो पक्षकाराला भेटायचा, कागद तयार करायचा आणि बॅरिस्टरला काम द्यायचा. १७२९ च्या कायद्याने त्याला पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची झाली. हार्डविक आणि डनिंग दोघांचेही बाप अटर्नी होते, आणि ही गोष्ट चरित्रात एका ओळीत उरकण्यासारखी नाही. नवख्या बॅरिस्टरला काम देणारे लोक अटर्नीच असायचे, त्यामुळे तुमच्या माणसाच्या घराण्यात आणि सासरी अटर्नी किती होते ते सुरुवातीलाच शोधा.

डावा रकाना: इनच्या दारापासून

लंडनमध्ये चार इन्स ऑफ कोर्ट, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्था, होत्या: लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. बॅरिस्टर व्हायचं तर यांपैकी एकीत नाव घालावं लागे. प्रवेशाच्या नोंदवहीत साधारणपणे मुलाचं नाव, बापाचं नाव आणि गाव, आणि तो कितवा मुलगा हे मिळतं. ही ओळ शब्दशः उतरवून घ्या. 'दुसरा मुलगा' या दोन शब्दांत वारसा कुणाला मिळणार होता आणि पोट भरायला कुणाला निघावं लागलं हे कळतं.

इथे तीन खड्डे आहेत. पहिला: इनमध्ये नाव घालणं म्हणजे वकील होणं नव्हे. जमीनदारांची कितीतरी मुलं नाव घालून, चार जेवणं जेवून घरी गेली. दुसरा: प्रवेशाची तारीख म्हणजे अभ्यास सुरू झाल्याची तारीख नव्हे. चार्ल्स प्रॅटचं नाव इनमध्ये पडलं तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. तिसरा: काही जण मधेच एका इनमधून दुसरीत जात, त्यामुळे एका नोंदवहीत माणूस अचानक गायब झाला तर उरलेल्या तीन पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

प्रवेशानंतर सनदेपर्यंत टर्म 'पाळाव्या' लागत, म्हणजे इनच्या सभागृहात ठरलेली जेवणं घ्यावी लागत. बारा टर्म हे नेहमीचं माप. १७६२ मध्ये चारही इन्सनी मिळून पाच वर्षांची अट घातली, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या एम.ए. किंवा कायद्याच्या पदवीधरांना ती तीन वर्षांवर आणली. तुमच्या माणसाचं प्रवेश ते सनद हे अंतर याच्याशी ताडून पाहा. फारच लांब असेल तर मधली वर्षं तो दुसरं काहीतरी करत होता, आणि ते शोधण्यासारखं असतं. डनिंगच्या बाबतीत अंतर सरळ आहे: मिडल टेंपलमध्ये प्रवेश १७५२, सनद १७५६.

विद्यापीठाच्या नोंदी जपून वापरा. त्यांत वय आणि गाव मिळतं, पण ते कारकुनाच्या कानावर पडलेलं असतं. विल्यम मरे स्कॉटलंडमधल्या पर्थजवळच्या स्कोनचा. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये नाव घालताना त्याचं गाव बाथ असं लिहिलं गेलं. स्कॉटिश उच्चारातला पर्थ इंग्रज कारकुनाला बाथ ऐकू आला. एकट्या नोंदीवर विसंबणारा अभ्यासक मॅन्सफील्डला सॉमरसेटचा करून बसेल. गाव आणि वय यांना निदान दोन वेगवेगळ्या हातांच्या नोंदी हव्यात. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून लिहू नका. नोंदीत जे असेल तेच नाव त्या ओळीला द्या.

वकिली खरोखर किती चालत होती

सनद मिळालेल्या प्रत्येकाला काम मिळत नव्हतं, आणि नेमकं हेच मोजणं अवघड आहे.

सर्किटपासून सुरुवात करा. इंग्लंडमध्ये असाइझची सहा सर्किट होती: होम, नॉरफोक, मिडलंड, ऑक्सफर्ड, वेस्टर्न आणि नॉर्दर्न. न्यायाधीश वर्षातून दोनदा, लेंटमध्ये आणि उन्हाळ्यात, गावोगाव फिरत (अगदी उत्तरेकडच्या परगण्यांत एकदाच), आणि बॅरिस्टर त्यांच्यामागे. माणूस बहुधा एकाच सर्किटला धरून राहायचा, आणि ते सर्किट त्याच्या जन्मगावाकडचं असायचं. डनिंग वेस्टर्न सर्किटवर होता. तिथले अटर्नी त्याच्या बापाच्या ओळखीचे होते. सर्किट कळलं की कोणत्या परगण्यांची दप्तरं उघडायची आणि कोणती सोडायची हे ठरतं.

पुढची पायरी चॅन्सरी, म्हणजे लॉर्ड चॅन्सेलरचं न्यायालय. तिथल्या इक्विटीच्या (न्यायबुद्धीवर चालणाऱ्या) दाव्यांवर कौन्सेलची, म्हणजे काम घेतलेल्या बॅरिस्टरची, सही असायची, त्यामुळे या सह्या म्हणजे कामाचा थेट पुरावा. हे दावे क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत: १७१४ ते १७५८ चे सी ११ या मालिकेत, त्यापुढचे १८०० पर्यंत सी १२ मध्ये. पण सूचीत पक्षकारांची नावं असतात, वकिलांची नसतात. सूचीत 'डनिंग' शोधलंत तर डनिंग स्वतः वादी किंवा प्रतिवादी असलेले दावेच निघतील, आणि त्यावरून त्याने चॅन्सरीत काम केलं नाही असा भलताच निष्कर्ष निघेल. उपाय मेहनतीचाच आहे. त्याच्या गावाकडचे, आश्रयदात्याचे आणि नातेवाइकांचे दावे निवडा, चर्मपत्रं उघडा आणि सह्या वाचा. कॉमन लॉ न्यायालयांचे अधिकृत अभिलेख २५ मार्च १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये आणि जुन्या न्यायालयीन वळणात आहेत. त्या तारखेनंतर ते इंग्रजीत, साध्या अक्षरात येतात. चॅन्सरीचे दावे आधीपासून इंग्रजीत असल्यामुळे लॅटिन न येणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

छापील अहवालांत कौन्सेलचं नाव मिळतं, बहुधा नुसतं आडनाव. दोन गोष्टी विसरू नका. अहवालकार गाजलेले किंवा कायद्याच्या दृष्टीने नवे खटलेच टिपत, त्यामुळे अहवालात नाव नसणं हा बेकारीचा पुरावा होत नाही. दुसरं, मोठा खटला दोन-तीनदा चालवला जायचा आणि प्रत्येक वेळी वेगळे वकील उभे राहू शकत. कोणत्या युक्तिवादात कोण होता हे वेगवेगळं लिहा. १७६५ मध्ये सरकारच्या सरसकट वॉरंटांविरुद्धचं (ज्यांत आरोपीचं नावच नसायचं) प्रकरण किंग्ज बेंच या कॉमन लॉ न्यायालयासमोर आलं तेव्हा मुद्रक लीचच्या बाजूने डनिंग उभा होता. समोर सरकारी वकील होते, म्हणजे ही ओळ डाव्या रकान्यात बसते आणि उजव्या रकान्याकडे बोट दाखवते.

मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा, पण फार कमी वापरला जाणारा कागद म्हणजे लॉर्ड्स या संसदेच्या वरच्या सभागृहासमोरच्या अपिलांच्या छापील कैफियती. त्यांच्या शेवटी कौन्सेलची नावं छापलेली असतात आणि अक्षर लावावं लागत नाही. १७०७ नंतर स्कॉटलंडची अपिलं लॉर्ड्सपुढे येऊ लागली आणि मरेसारख्या माणसाचं सुरुवातीचं नाव त्यांवरच झालं.

फौजदारी कामाबद्दल एक सूचना. ओल्ड बेलीच्या छापील वृत्तांतांत बचावाचा वकील क्वचित दिसतो आणि दिसला तरी तो भाषण करत नाही. गंभीर गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाला उलटतपासणी करू दिली जायची, पण ज्यूरीपुढे भाषण करण्याची मुभा १८३६ मध्ये आली. त्यामुळे 'ज्यूरीपुढच्या जोरदार भाषणाने आरोपी सुटला' अशी एखाद्या खुनाच्या खटल्यातली गोष्ट कुठे वाचलीत तर ती बाजूला ठेवा. राजद्रोहाच्या खटल्यांत मात्र १६९६ पासून वकिलाला पूर्ण मोकळीक होती.

पदांची शिडी

पदांच्या नोंदी भरताना पायऱ्यांचा अर्थ माहीत हवा. किंग्ज कौन्सेल झालेला माणूस रेशमी गाऊन घालून 'बारच्या आत' बसायचा, आणि राजाच्या विरुद्ध उभं राहायचं असेल तर त्याला परवानगी काढावी लागे. सार्जंट-ॲट-लॉ ही वेगळी, जुनी श्रेणी. कॉमन प्लीज न्यायालयात बोलण्याचा हक्क फक्त सार्जंटांचा होता, आणि कॉमन लॉ न्यायालयाचा न्यायाधीश होण्याआधी सार्जंट व्हावंच लागे. म्हणून नेमणुकीच्या तोंडावर सार्जंट झालेला दिसला तर तो त्या श्रेणीचा वकील म्हणून वावरला असं समजू नका. मरे नोव्हेंबर १७५६ मध्ये सार्जंट झाला तो किंग्ज बेंचचा मुख्य न्यायाधीश होण्यासाठीच.

गावाचा रेकॉर्डर हे पद बारीक दिसतं, पण त्याकडे लक्ष द्या. रेकॉर्डर हा बरोच्या (सनदी गावाच्या) न्यायालयाचा प्रमुख, आणि त्याला निवडायची ती तिथली कॉर्पोरेशन, म्हणजे गावाचा कारभार पाहणारं मंडळ. काही बरोंमध्ये हीच मंडळी खासदारही निवडत. हार्डविकला डोव्हरचं रेकॉर्डरपद १७१८ मध्ये आणि लुईसची जागा १७१९ मध्ये मिळाली. डनिंग १७६६ मध्ये ब्रिस्टलचा रेकॉर्डर झाला.

कोण कुठे बसू शकत होता हेही तक्ता तपासायला कामाला येतं. वेस्टमिन्स्टरच्या तीन कॉमन लॉ न्यायालयांचे बारा न्यायाधीश कॉमन्समध्ये बसू शकत नव्हते. वेल्सचे न्यायाधीश, चेस्टरचा मुख्य न्यायाधीश आणि मास्टर ऑफ द रोल्स बसू शकत. लॉइड केनियन १७८० मध्ये चेस्टरचा मुख्य न्यायाधीश झाला आणि त्याच वर्षी हिंडनमधून खासदारही. तुमच्या तक्त्यात किंग्ज बेंचचा न्यायाधीश त्याच महिन्यात खासदार दिसत असेल तर दोनपैकी एक ओळ चुकली आहे.

नेमणूक सापडली की एवढ्यावर थांबू नका. जागा रिकामी कशी झाली ते शोधा. सॉलिसिटर जनरल बहुधा आधीचा वर सरकला म्हणून नेमला जायचा. डनिंगची नेमणूक जानेवारी १७६८ ची, कारण एडवर्ड विल्स तेव्हा किंग्ज बेंचवर न्यायाधीश म्हणून गेला. ही साखळी मागे दोन कड्या तरी न्या. तारीख तपासायला लंडन गॅझेट आहेच, पण गॅझेटमधला अंक छापल्याची तारीख आणि नेमणुकीची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उजवा रकाना: जागा कुणाच्या हातची

१७०७ पासून शतक संपेपर्यंत कॉमन्समध्ये ५५८ सदस्य होते: इंग्लंडचे ४८९, वेल्सचे २४, स्कॉटलंडचे ४५. सुरुवात हिस्टरी ऑफ पार्लमेंट या प्रकल्पाच्या खंडांपासून करा. तिथे सदस्य आणि मतदारसंघ अशा दोन्ही बाजूंच्या नोंदी आहेत. खंड १७१५, १७५४, १७९० अशा वर्षांवर तुटतात, त्यामुळे लांब कारकिर्दीच्या माणसाची माहिती दोन नोंदींत विभागलेली असते आणि दुसरी नोंद नजरेतून निसटते. तुटीची वर्षं पाहून पुढचा-मागचा खंड उघडाच. सदस्याची नोंद वाचल्यावर मतदारसंघाची नोंद न वाचता पुढे जाऊ नका. जागा कुणाच्या हातची होती हे तिथेच कळतं.

काउंटीत (परगण्यात) वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाच्या फ्रीहोल्डवर, म्हणजे मालकीच्या जमिनीवर, मत होतं. बरोंमध्ये मात्र गावागणिक वेगळा नियम: कुठे कॉर्पोरेशनच्या सदस्यांना, कुठे ठराविक बर्गेज घरांच्या (ज्यांच्या मालकीला मत जोडलेलं होतं) मालकांना, कुठे फ्रीमन म्हणून नोंदलेल्यांना, कुठे गावपट्टी भरणाऱ्या घरमालकांना. वकिलांना हव्या असायच्या त्या जागा पहिल्या दोन प्रकारच्या, कारण तिथे मतदार मोजके आणि एका आश्रयदात्याच्या मुठीत. काउंटीची निवडणूक लढवण्याइतका पैसा आणि वेळ धंदा करणाऱ्या बॅरिस्टरकडे क्वचितच असायचा. डनिंगची जागा कॅल्न, विल्टशरमधला कॉर्पोरेशन बरो, लॉर्ड शेलबर्नच्या हातचा. मरेची बरोब्रिज, बर्गेज बरो, ड्यूक ऑफ न्यूकॅसलच्या हातचा. प्रॅटची डाउंटन, तीही बर्गेज. अशा ठिकाणी 'मताधिक्याने विजयी' असं लिहू नका, कारण मतमोजणीची वेळच सहसा येत नसे.

१७११ पासून काउंटीच्या सदस्याला जमिनीचं वर्षाला ६०० पौंड आणि बरोच्या सदस्याला ३०० पौंड उत्पन्न असावं लागे. पीअरच्या (लॉर्ड्समध्ये बसणाऱ्या उमरावाच्या) थोरल्या मुलाला आणि विद्यापीठांच्या सदस्यांना ही अट नव्हती. अटर्नीच्या मुलाकडे ही जमीन कुठून आली हा प्रश्न नक्की विचारा. कधी त्याने ती फीच्या पैशातून घेतलेली असते, कधी आश्रयदात्याने कागदोपत्री नावावर केलेली असते.

राजाकडून पगाराचं पद घेतलं की १७०७ च्या कायद्याने जागा सुटायची आणि पुन्हा निवडून यावं लागायचं. त्यामुळे एकाच संसदेत एका माणसाच्या दोन निवडणुका दिसल्या तर त्या वेगवेगळे माणूस असल्याचं लक्षण नाही. कारण कॉमन्स जर्नलमध्ये सापडतं: नव्या निवडणुकीचा रिट (आदेश) काढताना आधीचा सदस्य का गेला ते तिथे लिहिलेलं असतं. मृत्यू, पद स्वीकारणं, लॉर्ड्समध्ये जाणं, किंवा १७५१ पासून चिल्टर्न हंड्रेड्सचं, फक्त जागा सोडता यावी म्हणून घेतलेलं, नाममात्र पद. एखादं पद या नियमात येत होतं का याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा रिट पाहा. संसदेने १८७८ मध्ये छापलेल्या सदस्यांच्या अधिकृत यादीतून निवडणुकीच्या तारखा घ्या आणि जर्नलशी ताडा.

सभागृहात त्याने काय केलं

कॉमन्स जर्नल भाषणं देत नाही. प्रस्ताव, समित्या, ठराव आणि मतविभागणीचे आकडे देतं. मतविभागणीत नावं फक्त मोजणी करणाऱ्या टेलरांची असतात, प्रत्येक बाजूचे दोन, आणि ते दिलेल्या आकड्यात धरलेले नसतात. कोणी कसं मत दिलं याच्या अधिकृत याद्या १८३६ पासून सुरू झाल्या. त्याआधीच्या याद्या खाजगी. त्या कुणी, कोणत्या हेतूने केल्या हे पाहून वापरा, कारण काही याद्या मतदानाआधीचा अंदाज आहेत, मतदानाची नोंद नव्हे.

भाषणांचं आणखी कठीण. १७७१ च्या मुद्रकांच्या प्रकरणापर्यंत सभागृहाची चर्चा छापणं गुन्हा मानला जायचा. १७३८ मध्ये ही बंदी आणखी कडक झाल्यावर मासिकांनी काल्पनिक सभागृहाच्या नावाखाली चर्चा छापल्या. त्यांतली वाक्यं छापणाऱ्यांची आहेत, वक्त्याची नव्हेत. मुद्दा घ्या, शब्द घेऊ नका. १७६८ ते १७७४ या संसदेपुरतं नशीब चांगलं आहे, कारण हेन्री कॅव्हेंडिश या सदस्याने शॉर्टहँडमध्ये टिपणं ठेवली. डनिंग त्याच वर्षांत कॅल्नचा सदस्य होता, म्हणून त्याच्या भाषणांचा शोध तिथूनच घ्यावा.

पत्रव्यवहारात आधी आश्रयदात्याचे कागद वाचा. स्वतः वकिलाचे कागद बहुधा उरलेले नसतात, पण ज्याच्याकडे तो जागा किंवा पद मागत होता त्याने पत्र जपलेलं असतं. शतकाच्या मधल्या दशकांसाठी ब्रिटिश लायब्ररीतले न्यूकॅसल आणि हार्डविक यांचे संग्रह सोडून चालणार नाही. पत्रात मिळालेलं आश्वासन ही नेमणूक नव्हे. आश्वासनाची तारीख आणि गॅझेटची तारीख यांच्यातलं अंतर तक्त्यात तसंच दिसू द्या.

रकाने एकत्र वाचा

आता डनिंगचा तक्ता वाचू. १७५६ सनद. १७६२ मध्ये डच कंपनीच्या तक्रारींना उत्तर देणारं ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीचं निवेदन. १७६५ लीचचा खटला. १७६६ ब्रिस्टल. जानेवारी १७६८ सॉलिसिटर जनरल. इथपर्यंत उजवा रकाना कोरा आहे. मग मार्च १७६८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत कॅल्न. म्हणजे पद आधी, जागा नंतर. मरेच्या तक्त्यात सॉलिसिटर जनरलपद आणि बरोब्रिज दोन्ही १७४२ चे. प्रॅटच्या तक्त्यात अटर्नी जनरलपद आणि डाउंटन दोन्ही १७५७ चे. तीन तक्ते शेजारी ठेवले की दिसतं: सरकारला कॉमन्समध्ये बोलणारा कायदा अधिकारी लागायचा, आणि निवडलेल्या वकिलासाठी जागा तयार केली जायची. 'खासदार म्हणून चमकला म्हणून पद मिळालं' हे वाक्य या तिघांपैकी कुणालाच लागू होत नाही. हार्डविकला मात्र लावून पाहता येतं, कारण तो १७१९ मध्ये खासदार आणि १७२० मध्ये सॉलिसिटर जनरल.

१७७० मध्ये डनिंगने पद सोडलं. नुसत्या डाव्या रकान्यावरून हे कळत नाही. उजवीकडे शेलबर्न १७६८ मध्येच मंत्रिमंडळातून गेला होता आणि जानेवारी १७७० मध्ये कॅम्डेनला लॉर्ड चॅन्सेलरपदावरून दूर केलं गेलं. कॅम्डेनच्या जागी आलेला चार्ल्स यॉर्क तीनच दिवसांत, २० जानेवारीला, वारला. त्या आठवड्याच्या ओळी एकत्र ठेवल्याशिवाय डनिंगचा निर्णय नीट वाचता येत नाही. पद गेल्यावर तो साध्या गाऊनमध्ये, बारच्या बाहेर जाऊन बसला, कारण त्याच्याजवळ दुसरी श्रेणी नव्हती. मॅन्सफील्डने आपल्या न्यायालयात त्याला मानाचा क्रम देऊ केला. राजकारणात दोघे विरुद्ध बाजूंना होते, त्यामुळे ही नोंद मला फार मोलाची वाटते.

६ एप्रिल १७८० ला राजसत्तेचा प्रभाव वाढला आहे, वाढतो आहे आणि तो कमी झाला पाहिजे, असा ठराव डनिंगने मांडला आणि तो २३३ विरुद्ध २१५ मतांनी मंजूर झाला. मार्च १७८२ मध्ये सरकार बदललं, आणि एप्रिलमध्ये तो लॉर्ड ॲशबर्टन आणि डची ऑफ लँकेस्टरचा चॅन्सेलर झाला. पीअर झाल्याने कॅल्नची जागा सुटली, म्हणून तिथल्या पोटनिवडणुकीचा रिट हा तुमच्या तारखेचा पडताळा.

पैसा आणि मृत्युपत्र

फी गिनीत मोजली जायची. १७१७ च्या अखेरीपासून गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंड म्हणजे २० शिलिंग, शिलिंग म्हणजे १२ पेन्स. शंभर गिनी म्हणजे १०५ पौंड. हिशोबाच्या वहीत दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून बेरजेआधी सगळं शिलिंगांत करून घ्या. आजच्या पैशात रूपांतर करण्याचा मोह टाळा. तुलना त्याच काळाशी करा. बरोच्या सदस्याची ३०० पौंडांची अट हे चांगलं माप आहे.

जमिनीचे व्यवहार शोधताना मिडलसेक्समध्ये १७०९ पासून आणि यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमध्ये १७०४ पासून दस्तांची नोंदणी आहे. बाकी बहुतेक ठिकाणी अशी नोंदणी नव्हती, तिथे घराण्यांचे कागद आणि चॅन्सरीचे दावे यांवरच भागवावं लागतं.

मृत्युपत्र कॅन्टरबरीच्या प्रेरोगेटिव्ह कोर्टात शोधा. सधन बॅरिस्टरचं ते बहुधा तिथेच सिद्ध झालेलं असतं. क्यूला पीआरओबी ११ या मालिकेत १८५८ च्या जानेवारीपर्यंतच्या नोंदवह्या आहेत. त्या नकला आहेत, मूळ प्रती पीआरओबी १० मध्ये. नकलकाराकडून शब्द गळतात, तेव्हा मोठ्या रकमेबद्दल शंका आली तर मूळ काढा. पीअर झालेल्या माणसाला उपाधीने शोधा: 'डनिंग' न मिळाल्यास 'ॲशबर्टन'. तारीख सिद्धतेची असते, मृत्यूची नव्हे. मृत्युपत्रात घर, पेटारे आणि अंगठ्या तपशीलवार असतात, पण विवाहाच्या वेळीच लावून दिलेली जमीन त्यात येत नाही, कारण ती द्यायला त्याच्या हातात उरलेली नसते. त्यामुळे मृत्युपत्रावरून एकूण संपत्तीचा आकडा काढू नका. विवाह-करार सापडेपर्यंत त्या ओळीपुढची जागा रिकामी ठेवा.